बाराच्या आत खाली : रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातील पाच दिवस

पहिला दिवस : डेन्व्हर ते एस्टेस पार्क

पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाची पाऊस, उंची आणि उतार मोजण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. कोयनेच्या पाणलोटात पर्जन्यमापकाचे आकडे वहीत उतरवण्यात माझी कित्येक वर्षे गेली, त्यामुळे कोलोरॅडोतल्या लेकीकडे निघताना बॅगेत औषधांच्या डबीशेजारी एक छोटा तापमापक आणि कोरी वही आपसूकच आली. सप्टेंबरच्या मध्यावर लेक आणि जावई आम्हा दोघांना रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान दाखवायला घेऊन निघाले, तेव्हा डेन्व्हरमध्ये सकाळी दहालाच २८ अंश तापमान होते आणि जावयांनी गाडीत चार जाड जाकिटे, लोकरी टोप्या आणि हातमोजे भरले होते. सौभाग्यवतींना तो सगळा पसारा पाहून हसू आले. मलाही आले, हे कबूल केले पाहिजे.

डेन्व्हर १,६०९ मीटर उंचीवर वसलेले आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम ३७ मीटर खाली. महाराष्ट्राचे सर्वांत उंच टोक जिथे संपते, तिथून या लोकांचे डोंगर सुरू होतात. उद्यानाच्या पूर्वेकडील पायथ्याचे एस्टेस पार्क हे गाव सुमारे २,३०० मीटरवर आहे, आणि उद्यानातले सर्वोच्च शिखर लाँग्ज पीक ४,३४६ मीटरवर. उंची दर हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. परंतु घाटमाथा आणि कोकण यांच्यातला फरक फार तर चार-पाच अंशांचा, त्यामुळे त्या नियमाचा खरा धाक कधी वाटला नव्हता.

जवळचा रस्ता सोडून माझ्या हट्टापायी आम्ही बिग थॉम्प्सन नदीच्या घळईतून गेलो. उभ्या कातळांच्या मधून रस्ता आणि नदी एकमेकांना खेटून जातात, आणि ठिकठिकाणी पाट्या दिसतात की पूर आल्यास गाडी सोडून वर चढा. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी या घळईच्या वरच्या अंगाला एक वादळी ढग जागच्या जागी थांबला आणि वर्षभरात जेवढा पाऊस पडतो जवळजवळ तेवढा त्याने काही तासांत ओतला. १४० हून अधिक माणसे त्या पुरात गेली. गाडीत बसून दरीतून पुढे पळण्याचा प्रयत्न करणाऱ्यांना पाण्याने गाठले, आणि जे पायी कडा चढले त्यांतले बरेच वाचले. पाट्यांमागे हा अनुभव आहे. एस्टेस पार्कमध्ये वर्षाला सरासरी १३ इंचांच्या आसपासच पाऊस पडतो, आणि महाबळेश्वरला भर पावसाळ्यात एवढा पाऊस दोन दिवसांत मोजलेला मी पाहिला आहे. पण पाऊस किती पडतो यापेक्षा तो किती वेळात आणि कोणत्या उतारावर पडतो, यावर सगळे ठरते.

संध्याकाळी गावात ९ अंश होते. जाकिटे बाहेर निघाली, आणि घरून आणलेले चिवड्याचे पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले निघाले. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की आतली हवा पसरते. रात्री दोन वाजता माझेही डोके तसेच फुगल्यासारखे ठणकू लागले आणि झोप उडाली. विरळ हवेत शरीर श्वासाचा वेग वाढवते, कोरड्या हवेत श्वासावाटे पाणीही अधिक जाते, आणि ही जुळवाजुळव होईपर्यंत डोकेदुखी, मळमळ, झोपमोड असा त्रास होतो. वय किंवा तब्येत पाहून तो येत नाही. सह्याद्रीतले शंभरेक किल्ले चढल्याची फुशारकी मारणारा मी अंथरुणात बसून पाणी पीत होतो, आणि जिन्यालाही कंटाळणाऱ्या सौभाग्यवती गाढ झोपल्या होत्या.

दुसरा दिवस : बेअर लेक आणि एमराल्ड लेक

हंगामात या भागात गाडी न्यायची तर वेळ आधी आरक्षित करावी लागते, कारण वर्षाला चाळीस लाखांहून अधिक माणसे या उद्यानात येतात आणि त्यांतली बहुतेक उन्हाळ्याच्या चार महिन्यांत. आम्ही सकाळी सातला बेअर लेकच्या काठी होतो. उंची २,८८८ मीटर, तापमान ३ अंश. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि काठावरचे अ‍ॅस्पेन वृक्ष पिवळेधमक झाले होते. मात्र एका उतारावरचा पट्टा पूर्ण पिवळा आणि शेजारचा अजून हिरवा, असे का, हे मला कोडे पडले. जावयांनी सांगितले की अ‍ॅस्पेनचे एक अख्खे बन पुष्कळदा एकाच मुळापासून फुटलेले असते, त्यामुळे ते एकदमच रंग बदलते.

तिथून एमराल्ड लेकपर्यंतची वाट तीन किलोमीटरचीही नाही, आणि चढ सुमारे दोनशे मीटरचा. राजगडाच्या गुंजवणे वाटेपुढे हे काहीच नव्हे, असे म्हणत मी नेहमीच्या चालीने निघालो आणि पहिल्या वळणावरच छाती धपापू लागली. तीन हजार मीटरवर एका श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत सत्तर टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. "बाबा, बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगाने चाला," असे लेकीने बजावले, आणि लहानपणी जिला मी खांद्यावर घेऊन सिंहगड चढलो तिच्या मागून मुकाट्याने चालण्याची पाळी आली.

ड्रीम लेकपाशी समोर हॅलेट शिखर आणि फ्लॅटटॉप डोंगर यांच्या खाचेत टिंडल हिमनदी दिसते. माझ्या मनात हिमनदी म्हणजे जिथे खूप बर्फ पडतो तिथली गोष्ट. पण येथे केवळ हिमवर्षावावर ती तगली नसती. हिवाळ्यात पश्चिमेकडून वाहणारे वारे खंडाच्या जलविभाजक कण्यावरचा भुसभुशीत बर्फ उडवून पूर्वेकडच्या खोलगट कोनाड्यांत आणून टाकतात, आणि कड्याच्या सावलीत तो उन्हाळाभर पुरता वितळत नाही. वाऱ्याने दुसऱ्याचा बर्फ आणून दिला म्हणून ती जिवंत आहे. उद्यानातल्या सगळ्याच हिमनद्या अशा लहान आहेत, आणि उन्हाळे तापू लागले तसा त्यांचा हिशेब तोट्यात चालला आहे.

परतताना अकराच्या सुमारास वर चढणाऱ्यांची रीघ लागलेली दिसली. पुष्कळांच्या पायांत चपला, अंगात सुती अर्धी चड्डी, हातात पाण्याची एकच लहान बाटली. वाटेवरच्या वनरक्षक बाईंनी त्यांतल्या काहींना थांबवून विचारले, आकाशाकडे बोट दाखवले, आणि आम्हाला मात्र हसून निरोप दिला, कारण आम्ही उतरत होतो. उंचावर जायचे तर पहाटे निघा आणि दुपारी बाराच्या आत वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, खाली या, हा इथला जुना दंडक आहे. त्याचे कारण तिसऱ्या दिवशी समजले.

तिसरा दिवस : ट्रेल रिज रस्ता

एस्टेस पार्कहून पलीकडच्या ग्रँड लेक गावापर्यंत जाणारा हा ४८ मैलांचा रस्ता १९३२ मध्ये खुला झाला. त्यातले सुमारे ११ मैल तो वृक्षरेषेच्या वरून जातो आणि त्याचा सर्वोच्च बिंदू ३,७१३ मीटरवर आहे. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तो बर्फाखाली बंद असतो. म्हणजे वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस हा भाग वाऱ्याच्या आणि प्राण्यांच्या स्वाधीन.

चढताना झाडे डोळ्यांदेखत बदलत गेली. खाली सुटी उभी असलेली पाँडेरोसा पाइन, मग दाट लॉजपोल, मग स्प्रूस आणि फर. सुमारे ३,४०० मीटरवर हीच झाडे गुडघ्याएवढी, वाकडीतिकडी आणि एकाच बाजूला फांद्या असलेली दिसू लागली, जणू कोणी वेणी ओढून धरली आहे. वाऱ्याच्या बाजूची प्रत्येक कोवळी डहाळी हिवाळ्यात उडत्या बर्फकणांनी तासली जाते आणि कोरड्या वाऱ्याने वाळते. बर्फाच्या चादरीखाली दडलेला भाग तेवढा वाचतो. म्हणून ती उंच न वाढता आडवी पसरतात. हातभर जाडीच्या अशा झाडाचे वय शेकडो वर्षे असू शकते. त्यापुढे मात्र झाड नावाला नाही.

रॉक कट या थांब्यावर दार उघडले आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतले. तापमान ६ अंश, पण वाऱ्यामुळे ते शून्याखाली असल्यासारखे बोचत होते, आणि त्याच वेळी उघड्या नाकावर ऊन भाजत होते, कारण विरळ आणि कोरड्या हवेत अतिनील किरण फारसे गाळले जात नाहीत. येथून एक फरसबंद पायवाट टुंड्राच्या पठारावरून जाते. सप्टेंबरात टुंड्राचा उन्हाळा संपलेला असतो. फुले सरली होती आणि बोटभर उंचीच्या झुडपांची पाने तांबूस-तपकिरी झाली होती. याच आठवड्यात आपल्याकडे कासच्या पठारावर तेरड्याचा गुलाबी गालिचा पसरला असेल, हे आठवून गंमत वाटली. दोन्हीकडे कातळावर मातीचा पातळ थर, दोन्हीकडे घाईचा हंगाम. कासला तो पाणी ठरवते आणि येथे ऊब. टुंड्राच्या वनस्पती गादीसारख्या जमिनीला चिकटून वाढतात, कारण जमिनीलगतच्या दोन-चार बोटे जाडीच्या थरात वारा शिरत नाही आणि ऊन साठते. ती गादी वीतभर व्हायला दशके लागतात, आणि एकाच जागी अनेक बुटांचा भार पडला तर भरून यायला त्याहून अधिक. तरीही फोटोसाठी पायवाट सोडणारे निघतातच. कासच्या पहारेकऱ्यांना घसा कोरडा होईपर्यंत जे ओरडावे लागते, तेच येथेही चालू होते.

खडकांच्या राशीतून अचानक 'ईंक' असा बारीक, धारदार आवाज आला. पुष्कळ वेळ शोधल्यावर मुठीएवढा, गोल कानांचा, शेपूट नसल्यासारखा एक करडा प्राणी दिसला, तोंडात गवताची मोठी पेंढी आडवी धरलेली. हा पिका. दिसायला उंदराचा भाऊबंद वाटला तरी तो सशाच्या कुळातला आहे. तो हिवाळ्यात झोपत नाही. उन्हाळाभर शेकडो फेऱ्या मारून खडकांखाली गवताची गंजी रचतो आणि बर्फाखाली तीच खात राहतो. त्या गंजीत तो अल्पाइन अ‍ॅव्हन्स नावाची एक कडू वनस्पतीही भरतो. तिच्यातल्या विषारी द्रव्यामुळे ती ताजी खाता येत नाही, पण तेच द्रव्य गंजी सडू देत नाही, आणि महिन्यांनी त्याचा अंमल उतरला की ती पानेही खाण्याजोगी होतात. लोणच्याला मीठ-मोहरी घालणाऱ्या सौभाग्यवतींनी या प्राण्याकडे एकदम आदराने पाहिले. अंगावरच्या दाट केसांमुळे पिकाला थंडीचे भय नाही, उकाड्याचे आहे. पंचविशीच्या पुढच्या तापमानात काही तास उघड्यावर राहावे लागले तर तो दगावू शकतो. उन्हे चढली की तो खडकांच्या फटीतल्या गारव्यात शिरतो. म्हणजे उन्हाळा जेवढा तापेल, तेवढे त्याचे चारा गोळा करण्याचे तास कमी. खालचा प्राणी उकाड्याने वर सरकू शकेल, पण डोंगरमाथ्यावरच्याने कुठे जायचे?

जवळच एका शिळेवर एक लठ्ठ मार्मॉट पसरला होता. बहुतेक मार्मॉट एव्हाना बिळात गेलेले असतात. हा मागे राहिलेला असावा. तो वर्षातले सात-आठ महिने झोपतो आणि त्या काळात अंगावरच्या चरबीवर जगतो, शरीराचे तापमानही पाण्याच्या गोठणबिंदूच्या जवळपास उतरवतो. एक कुटुंब त्याला बटाट्याचे काप टाकत होते. 'गुबगुबीत तर आहे, चार काप जास्त खाल्ले तर काय बिघडले' असे त्यातल्या मुलाला वाटणे स्वाभाविक आहे, पण मिठाच्या आणि तळणाच्या चरबीवर सुप्तावस्था निभावत नाही, आणि माणसाला चटावलेला प्राणी रस्त्यावर येऊन मरतो. खायला घालण्यास येथे कायद्याने बंदी आहे. लेकीने सौम्यपणे तसे सांगितले. आईवडील जरा ओशाळले.

आम्ही ३,५९५ मीटरवरच्या अल्पाइन पर्यटक केंद्रात पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. वारा आणि बर्फ यांनी छप्पर उडू किंवा खचू नये म्हणून त्यावर जाड ओंडक्यांची जाळी ठोकलेली आहे. खिडकीतून पाहताना मी ढगांची वेळ टिपली. पावणेबाराला लाँग्ज पीकवर कापसाचे दोन पुंजके होते. सव्वाबाराला त्यांची कोबीच्या गड्ड्यासारखी रास झाली. पाऊण वाजता त्यांचे तळ काळे पडले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वळीव जसा बनतो तसाच हा प्रकार, फक्त येथे सकाळचे ऊन पूर्वेकडचे उतार आधी तापवते आणि डोंगर स्वतःच हवेला वर ढकलतो, त्यामुळे तयारीला दिवसभर लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून ओलावा येतो तेव्हा हे जवळजवळ रोज घडते, आणि त्या काळाला इथले लोकही मॉन्सूनच म्हणतात, याचे मला फार अप्रूप वाटले.

एक वाजता आम्ही उतरू लागलो, म्हणजे दंडकापेक्षा तासभर उशिरा, आणि तो उशीर माझ्या नोंदींमुळे झाला होता. वीज पहिल्यांदा चमकली तेव्हा गाडी उघड्या माथ्यावर होती. पाठोपाठ साबुदाण्याएवढ्या मऊ गारा काचेवर आपटू लागल्या आणि दहा मिनिटांत तापमान ११ वरून १ अंशावर आले. बंद गाडीत धोका नव्हता. पायवाटेवर मात्र पाच-सहा जण अजून धावत येत होते, आणि त्या सपाटीवर त्यांच्याइतके उंच दुसरे काहीच नव्हते. २०१४ च्या जुलैमध्ये याच रस्त्याच्या परिसरात लागोपाठ दोन दिवशी दोन जण वीज पडून दगावले, त्यांतला एक तर रस्त्यालगतच्या थांब्यावर उभा होता. आम्ही गाडी थांबवून त्यांतल्या दोघा तरुणांना आत घेतले. त्यांचे दात वाजत होते आणि अंगात पातळ सदरे होते. खाली गावात पोहोचलो तर लख्ख ऊन होते आणि लोक आइस्क्रीम खात होते.

चौथा दिवस : बर्फ

रात्रीतून उत्तरेकडून थंड हवेची लाट आली. सकाळी गावात पाऊस भुरभुरत होता, ३ अंश तापमान होते, आणि वरचा रस्ता बर्फामुळे बंद झाल्याचे कळले. काल जिथे नाक भाजले, तिथे आज वीतभर बर्फ. दिवस मोकळा मिळाला. दुपारपर्यंत मी खिडकीशी बसून वही पुरी केली.

संध्याकाळी हॉर्सशू पार्क या कुरणाच्या कडेला गेलो. बर्फाने वरच्या चराया झाकल्या की एल्कचे कळप खालच्या दऱ्यांत येतात, आणि नेमका हाच त्यांचा माजाचा काळ. एल्क आपल्या सांबराच्या जातकुळीतलाच, पण अधिक थोराड. धुक्यातून एक लांबलचक शिट्टी ऐकू आली, वर वर चढत गेलेली आणि शेवटी घोगऱ्या खोकल्यात फुटलेली. एवढ्या अवाढव्य नराच्या गळ्यातून असा बारीक स्वर निघतो हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. आठवडेच्या आठवडे तो धड चरत नाही, माद्यांचा जमाव राखतो, प्रतिस्पर्ध्यांना हुसकावतो आणि उन्हाळ्यात कमावलेले वजन हिवाळ्याच्या तोंडावर घालवतो. हा आतबट्ट्याचा व्यवहार आताच का, याचे उत्तर पुढच्या वसंतात आहे. गर्भकाळ आठ महिन्यांहून थोडा अधिक असल्याने पाडसे मेअखेर-जूनमध्ये जन्मतात, बर्फ हटून कोवळे गवत फुटते तेव्हाच. महिनाभर उशिरा जन्मलेल्या पाडसाला थंडीआधी पुरेसे वाढता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीमुळे येथे एल्क जवळजवळ उरले नव्हते. १९१३-१४ मध्ये ते यलोस्टोनच्या परिसरातून आणून सोडले गेले, आणि १९१५ मध्ये उद्यान झाले. लांडगे मात्र तोवर संपले होते, त्यामुळे एल्क इतके वाढले की त्यांनी ओढ्याकाठची विलोची झुडपे खाऊन फस्त केली, आणि आता काही ठिकाणी उंच कुंपणे घालून ती वाचवावी लागतात. या दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुरणात पाऊल टाकायला मनाई असते, आणि एल्कपासून किमान २३ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. रस्त्याकडेला शेदीडशे माणसे उभी होती आणि कोणी बोलत नव्हते. हातमोज्यांतही बोटे बधिर झाली होती, पण परत चला असे सौभाग्यवती म्हणाल्या नाहीत.

पाचवा दिवस : पलीकडची बाजू

दुपारी रस्ता मोकळा झाला. दोन्ही कडेला बर्फाच्या भिंती, मध्ये ओला काळा डांबरी पट्टा. मिल्नर खिंडीत, ३,२७९ मीटरवर, खंडाचा जलविभाजक ओलांडला. येथे एका अंगाला पडलेला थेंब मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे जातो आणि दुसऱ्या अंगाचा कोलोरॅडो नदीतून पश्चिमेकडे. पश्चिमेचे वारे याच बाजूला आपले पाणी टाकतात, म्हणून ग्रँड लेकला एस्टेस पार्कच्या दीडपट पाऊसपाणी. शेती आणि शहरे मात्र पूर्वेला. तेव्हा डोंगराच्या पोटातून, उद्यानाच्या खालून, २१ किलोमीटर लांबीचा बोगदा खणून १९४७ पासून पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणले जाते. आम्ही कोयनेचे पूर्वेकडे वाहणारे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे नेले. यांनी नेमके उलटे केले. या बोगद्याविषयी मी जरा जास्तच वेळ बोललो, असे गाडीतल्या शांततेवरून वाटले.

कावुनीची नावाच्या दरीत उतरलो आणि बोलणे थांबले. मैलोन् मैल काळे खांब उभे होते. लॉजपोल पाइनच्या सालीखाली अंडी घालणारा तांदळाच्या दाण्याएवढा एक भुंगेरा या जंगलात पूर्वीपासून आहे. त्याच्या अळ्या अंगात गोठणरोधक द्रव्य साठवतात, पण उणे तीस-चाळीस अंशांची सलग थंडी पडली की मोठ्या संख्येने मरतात. या शतकाच्या आरंभी हिवाळे सौम्य झाले, दुष्काळाने झाडांचा चीक आटला, आणि उभी जंगले वाळली. ऑक्टोबर २०२० मध्ये ईस्ट ट्रबलसम नावाचा वणवा सोसाट्याच्या वाऱ्यावर एका दिवसात ऐंशी हजार एकरांहून अधिक पसरला आणि जे अशक्य मानले जात होते ते घडले : ठिणग्यांनी झाडे नसलेला टुंड्राचा माथा ओलांडून पूर्वेला पेट घेतला. एस्टेस पार्क रिकामे करावे लागले. दोन-तीन दिवसांनी बर्फ पडला तेव्हा कुठे त्याचा जोर मोडला.

काळ्या खांबांच्या तळाशी गवत माजले होते आणि हात-दीड हात उंचीची नवी अ‍ॅस्पेन पिवळी झाली होती. ओढ्याच्या वळणावर मूस या थोराड हरणाची एक मादी पोटापर्यंत पाण्यात उभी राहून विलो ओरबाडत होती. मूस १९७८ मध्ये शेजारच्या खोऱ्यात आणून सोडलेले. उकाडा त्यालाही सोसत नाही, म्हणून तो पाणी आणि सावली धरून असतो. ती मान वर करून आमच्याकडे पाहत राहिली तेव्हा आम्ही गाडीतूनच तिला पाहिले.

परतीच्या वाटेवर अंधाराआधी रॉक कटला पाच मिनिटे थांबलो. उणे २ अंश. मार्मॉटची शिळा रिकामी होती आणि बर्फावर त्याचा मागही नव्हता. खडकांच्या राशीतून तो बारीक आवाज मात्र दोनदा आला. मी थंडगार पाण्याची बाटली तिथेच संपवून टोपण घट्ट लावले आणि ती गाडीत पायाशी ठेवली. रात्री अकराला डेन्व्हरमध्ये सामान उतरवताना ती सापडली, चारी बाजूंनी आत दबलेली. अंगणात २१ अंश होते.